मुदतपूर्व माणूस

गृहकर्जाचा शेवटचा हप्ता माणसाने स्वतःच्या हाताने भरावा, असे माझे मत होते. आता माझे मत असे आहे की, शेवटचा हप्ता जवळ आला की माणसाने डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहावे आणि जे काही व्हायचे असेल ते वित्तसंस्थेच्या संगणकाच्या हातून होऊ द्यावे.

एरवी माझा हप्ता बचत खात्यातून आपोआप कापला जाई. चांगल्या न्हाव्याच्या हातून केस कापले जावेत, तसा. मान खाली घालून बसले की काम झाले. परंतु ज्या संस्थेने इतकी वर्षे माझ्या घराचे खरेदीखत स्वतःच्या तिजोरीत ठेवले, तिला "आता तुमचा-आमचा संबंध संपला" असे तोंडावर सांगण्याची संधी आयुष्यात एकदाच येते. ती संगणकाला देऊन टाकणे मला प्रशस्त वाटेना. देय तारीख रविवारी येत होती. सबब मी शनिवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, शाखा उघडण्यापूर्वीच पायरीवर हजर झालो.

खिडकीवरच्या मुलीने पैसे मोजून घेतले, पावती दिली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "काका, लोन मुदतपूर्व बंद केलंत. निर्गमन शुल्क लागलंय."

"मुदतपूर्व? अहो, हा शेवटचा हप्ता आहे."

"हो, पण एक दिवस आधी भरलात ना."

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी यायचं."

"सोमवारी आलो असतो तर काय झालं असतं?"

"उशिराचा दंड."

"म्हणजे मी नेमकं यायचं कधी?"

"रविवारी," ती अगदी सहज म्हणाली.

"रविवारी तुमचं ऑफिस बंद असतं."

"हो ना," ती सहानुभूतीने म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "काका, तुम्ही काहीच केलं नसतंत तर रविवारी सिस्टीमनं आपोआप कापलं असतं. तुम्ही मध्ये पडलात म्हणून झालं."

हे शुल्क उरलेल्या एका हप्त्यावर आकारलेले असते, तर मी ते अक्कलखाती टाकून घरी आलो असतो. पण ते आकारले होते मूळ मंजूर रकमेवर. म्हणजे हत्ती गेला, शेपूट उरले, आणि जकात मागितली ती अख्ख्या हत्तीवर. शिवाय मागितली म्हणणेही चूक. त्यांनी ती माझ्या बचत खात्यातून परस्पर कापूनच घेतली होती. आत येताना हसून दार उघडणारी ही माणसे बाहेर पडणाऱ्याकडून उंबरठ्याचे भाडे घेतात, हे मला त्या दिवशी कळले.

मी तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि निवृत्त होईपर्यंत पंपांच्या कारखान्यात आराखडे काढले. आमच्या शास्त्रात कोणतेही माप एकटे येत नाही. त्याच्यासोबत त्याची मुभा येते. दांडा अमुक जाडीचा, परंतु इतका अधिक किंवा इतका उणा चालेल, असे आराखड्यावर लिहावेच लागते. न लिहिल्यास कारखान्यातला एकही पंप जुळणार नाही. या संस्थेच्या तारखेला अधिकचीही मुभा नव्हती आणि उण्याचीही नव्हती. आणि ज्या एकाच बिंदूवर तारीख जुळत होती, तिथे दाराला कुलूप होते. असा आराखडा आमच्याकडे कोणी काढला असता, तर त्याला साहेबांनी चहासुद्धा विचारला नसता.

हा विचार करीत मी घरी पोहोचलो, तेव्हा स्वयंपाकघरातून घणाचे आवाज येत होते.

येथे ओट्याविषयी सांगणे भाग आहे. घर बांधले तेव्हा स्वयंपाकाचा ओटा मी स्वतः आखला होता, पाठ्यपुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे, सरासरी स्त्रीच्या उंचीनुसार. आमची ही माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे. इतकी वर्षे ती त्या ओट्यापुढे कंबरेत वाकून उभी राहिली आणि तिची कंबर आता वाकण्यास साफ नकार देऊ लागली होती. मी कोष्टक दाखवले की ती म्हणे, "सरासरी बाई आपल्या घरात राहत नाही. राहत असती, तर मी तिलाच कामाला लावलं असतं." शेवटी कर्ज फिटले की नवा ओटा, असे ठरले होते, पैसे बचत खात्यात बाजूला ठेवले होते, आणि मी शेवटचा हप्ता भरायला निघताच तिने गवंड्याला जुना ओटा फोडायची परवानगी देऊन टाकली होती.

"झालं का? सुटलो एकदाचे?" धुळीतून तिचा आवाज आला.

"सुटलो," मी म्हणालो. "पण सुटण्याचे पैसे लागले."

"किती?"

मी तिला समोरच्या ढिगाऱ्याकडे बोट करून दाखवले. तिला बरोबर कळले. गवंड्यालाही कळले, त्याने घण खाली ठेवला, हात पुसले, "पैशाची सोय झाली की निरोप द्या" असे अत्यंत सभ्यपणे सांगितले आणि तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

त्या दिवसापासून आमचा स्वयंपाक हॉलमध्ये, माझ्या ड्रॉइंग बोर्डावर सुरू झाला. हा बोर्ड मी शिकत असताना वडिलांनी घेऊन दिलेला. सागवानी, एकसंध, कडेला पितळी पट्टी. त्यावर मी कधी पेन्सिलीला टोकसुद्धा केले नव्हते. आता त्यावर शेगडी आली, तेलाची बरणी आली आणि रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत त्यावर कांदा चिरला जाऊ लागला.

"अहो, खाली फळी ठेवत जा म्हणता, पण हीच फळी आहे की," ही म्हणे.

"हा बोर्ड आहे."

"मग पैसे परत आणा आणि घेऊन जा तुमचा बोर्ड."

वित्तसंस्थेशी माझे भांडण आहे, ही बातमी इमारतीत पसरली. लोकांना पैशाची मदत मागितली तर ते गावाला जातात. सल्ला मागितला तर गावाहून परत येतात. मी तर मागितलाही नव्हता. समोरचे टायरवाले बनियनवरच आले.

"तुम्ही बोलता कसे ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "कृपया, सबब, विनंती. असं चालत नाही. मॅनेजरसमोर जायचं, टेबलावर हात आपटायचा, खाडकन. एकदाच. पैसे टेबलाखालून बाहेर येतात."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त ग्रंथपाल नेमके उलट मताचे. त्यांनी चष्मा पुसला. "हात आपटून काय होणार? शब्दात पकडा त्यांना. 'मुदतपूर्व' म्हणजे मुदतीच्या पूर्वी. मुदतीचा शेवटचा दिवस हा मुदतीत धरायचा की नाही, हा खरा वाद आहे. मी तुम्हांला तीन कोश आणून देतो."

त्यांनी खरोखरच आणून दिले. त्यांतला सर्वांत जाडा कोश आम्ही शेगडीखाली उंचीसाठी वापरला, हे त्यांना अद्याप ठाऊक नाही.

मी दोन्ही सल्ले एकत्र केले आणि इथेच चुकलो. प्रथम मी अर्ज लिहिला. शब्दांनी भागेना, म्हणून अर्जासोबत एक आराखडाही काढला: शनिवार, रविवार आणि सोमवार हे तीन समान चौकोन, त्यांना मापरेषा, बाण, रविवारच्या चौकोनात बंद दाराचे छेदचित्र, आणि खाली "मुभा: अधिक शून्य, उणे शून्य, सबब जोडणी अशक्य" अशी टीप. इतकी स्वच्छ रेघ माझ्या हातून कित्येक वर्षांत उतरली नव्हती. मग ती गुंडाळी घेऊन मी शाखाधिकाऱ्यांपुढे जाऊन बसलो.

शाखाधिकारी हसतमुख गृहस्थ होते. त्यांना कोणतीही गोष्ट सांगा, ते "होऊन जाईल" असे म्हणत. मी अन्याय सांगितला; ते म्हणाले, होऊन जाईल. मी ओटा सांगितला, होऊन जाईल. मी विचारले, "कधी?" ते म्हणाले, "होऊन जाईल हो." तेव्हा मला टायरवाल्यांची आठवण झाली. मी उठलो, श्वास घेतला आणि टेबलावर उजवा हात खाडकन आपटला.

टेबलावर त्या जागी शिक्क्याचे पॅड उघडे होते.

माझा तळवा मनगटापर्यंत जांभळा झाला. त्या भरात मी तोच हात अर्जावर टेकला. शाखाधिकारी क्षणभर गंभीर झाले, मग माझ्या हाताकडे पाहून प्रेमाने म्हणाले, "धुऊन जाईल."

गेले नाही. आठवडाभर मी डाव्या हाताने जेवलो. टायरवाले म्हणाले, "आपटलात ना? शाबास. आता बघा."

बघण्यासारखे पुढे पुष्कळच होते. काही दिवसांनी दारात एक मनुष्य उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी. तो वित्तसंस्थेचा तपासनीस होता. माझ्या अर्जावरचा वाद मिटेपर्यंत कर्ज कागदोपत्री जिवंतच होते आणि खरेदीखत तिजोरीतच होते. आणि माझा तीन चौकोनांचा आराखडा पाहून तिथल्या कोणा हुशार माणसाने तो बांधकाम विभागाकडे पाठवला होता. तारण ठेवलेल्या घरात आम्ही तीन नव्या खोल्या काढतो आहोत, आणि त्यांतली मधली कायमची बंद ठेवणार आहोत, असा त्यांचा समज झाला होता.

"शनिवार, रविवार, सोमवार..." तो कागद उलटसुलट करीत म्हणाला. "या खोल्या कुठे आहेत?"

"त्या खोल्या नाहीत, ते दिवस आहेत."

"दिवसांना माप कसं?"

"चोवीस तास. बाजूला लिहिलंय."

त्याने कर्तव्य म्हणून घर मोजायला घेतले. स्वयंपाकघरात गेला, ढिगारा पाहिला, बाहेर आला.

"स्वयंपाकघर नाही?" त्याने लिहिता लिहिता विचारले.

"आहे की," ही बोर्डावर कांदा चिरत म्हणाली. "तुम्ही त्यातच उभे आहात. जरा सरका, मागे शेगडी आहे."

त्याने "तारण मालमत्तेत विनापरवाना तोडफोड" असा शेरा मारला. पुढच्या टपालाने तपासणीचे शुल्क आले. म्हणजे घेतलेले पैसे परत मागायला गेलो, तर घेतलेले कमी पडले म्हणून आणखी मागितले. "चहा प्यायला नव्हता त्यानं," ही म्हणाली. "नाहीतर तोही लावला असता."

शाखेने एका महिन्यात दाद न दिल्यास वरच्या तक्रार निवारण कार्यालयात जाता येते, असे ग्रंथपालांनी छोट्या अक्षरांतून शोधून काढले. मी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, कार्यालय उघडायच्या वेळी, झाडणाऱ्या बाईंच्याही आधी, तिथे हजर होतो. कारकुनाने अर्ज घेतला, तारीख पाहिली आणि त्यावर एक गोल शिक्का मारून परत दिला.

शिक्क्यावर लिहिले होते: "मुदतपूर्व."

"महिना आज रात्री संपतो," कारकून म्हणाला. "उद्या चाललं असतं. आता हा अर्ज बाद. नवीन अर्ज, नवीन महिना."

घरी येऊन मी तो कागद बोर्डावर ठेवला. हिने वाचला. मग तिचे खांदे हलू लागले. मला वाटले, कंबर दुखत असावी. पाहतो तर ती हसत होती, आणि हसता हसता कंबर धरून खरोखर "आई गं" म्हणत होती.

"अहो, तुम्हांला आयुष्यात एकदा तरी उशिरा जाता येईल का?"

"नियमाप्रमाणे—"

"लग्नाच्या दिवशी हॉलचं कुलूप उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसला होतात. माझ्या मामाला वाटलं, हॉलचा रखवालदार आहे. चाव्या मागितल्या होत्या त्यानं तुमच्याकडे."

ही गोष्ट दरवेळी काढण्याची गरज नसते, असे माझे मत आहे.

परंतु त्या संध्याकाळी भांडी उचलताना ती एकदा वाकली, आणि सरळच होईना. भिंत धरून उभी राहिली, मी हात दिला तर म्हणाली, "थांबा, आपोआप होईन." सरळ व्हायला तिला जितका वेळ लागला, तितक्या वेळात मी तीनही कोशांतून शब्द शोधले असते, तरी बोलण्यासारखा एक सापडला नसता.

दुसऱ्या वेळी अर्ज तिने ताब्यात घेतला. कर्जावर तिचेही नाव होते, सहकर्जदार म्हणून. तेव्हा सही तिचीही लागणार होती. तिने पेन हातात धरले आणि थांबली.

"सही करते. पण ओट्याची उंची मी सांगणार."

"तो तांत्रिक प्रश्न आहे."

"मग तंत्रानं पैसे आणा."

मी तत्त्वतः संमती दिली. तत्त्वतः दिलेल्या संमतीत तपशिलाने दुरुस्ती करता येते, हे मी कारखान्यात शिकलो होतो. सही करून तिने अर्ज स्वतःच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. महिना संपला. मी बूट घातले. "काढा," ती म्हणाली. "आणखी चार दिवस मुरू दे." ते चार दिवस मी घरात असा फिरत होतो की, टायरवाल्यांनी दोनदा येऊन कोणी आजारी आहे का, विचारले.

अर्ज लागला. सुनावणी लागली. समोर एक अधिकारीबाई, डोळ्यांवर चष्मा, आवाज बारीक आणि स्वच्छ. वित्तसंस्थेच्या वतीने आमचे होऊन-जाईल साहेब स्वतः आले होते. बाईंनी कागद उघडले आणि माझ्याकडे अत्यंत सौम्यपणे पाहिले.

"आजोबा, घाबरू नका. यांचा अर्ज यांना नीट वाचून दाखवा," त्या कारकुनाला म्हणाल्या.

"मला? का?"

"तुमच्या मूळ अर्जावर हाताचा ठसा आहे. शाखेनं नोंद केलीय: अर्जदार निरक्षर."

मी पदविकाधारक आहे, हे मी सांगितले. "असू दे, असू दे," बाई म्हणाल्या, आणि कारकून माझे स्वतःचे वाक्य न् वाक्य मला ऐकवू लागला. कठीण शब्द आला की थांबून तो सोपा करून सांगे. "'सबब' म्हणजे 'म्हणून', आजोबा." अर्ज पाच पानी होता. माझ्या लेखनाची लांबी मला त्या दिवसापूर्वी कधी जाणवली नव्हती.

वाचन संपले, तेव्हा बाई हिच्याकडे वळल्या. "तुम्ही सहकर्जदार? तुम्हांला काही सांगायचंय?"

"दोनच वाक्यं," ही म्हणाली. "शनिवारी गेलं तर दंड, सोमवारी गेलं तर दंड, आणि रविवारी यांचं दार बंद. माणूस लवकर आला याची शिक्षा करायची, तर ती मी करते आहेच घरी, यांनी आणखी कशाला करायची?"

बाईंनी चष्मा काढला. होऊन-जाईल साहेबांकडे पाहिले. "रविवारी शाखा उघडी असते का?"

साहेब विचारात होते. सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेले, "होऊन जाईल, मॅडम."

आधी कारकून हसला, आणि बाईंनी मान खाली घालून निकाल लिहायला घेतला. शुल्क अन्यायकारक, तपासणीचे शुल्कही रद्द, सर्व रक्कम आणि खरेदीखत परत करावे. मी खुर्चीवरून उठलो आणि टेबलावर हात आपटावासा वाटला, परंतु आधी पॅड कुठे आहे ते पाहिले, आणि मग खिशात हात घातला.

रक्कम खरोखर आली. खरेदीखतही आले. मी पासबुक भरून घ्यायला गेलो, तर माझ्या खात्यात दमडीही नव्हती. खिडकीवरच्या मुलीने पडद्याकडे पाहिले.

"काका, अर्जदार निरक्षर असल्यानं पैसे साक्षर सहकर्जदाराच्या खात्यात गेलेत. काकूंच्या."

तिथेच माझी तपशिलातली दुरुस्ती संपली.

गवंडी सोमवारी येतो म्हणाला होता. रविवारी सकाळीच दारात उभा राहिला. मी आत ओरडून सांगितले, "गवंडी एक दिवस आधी आलाय!"

"मग शुल्क घ्या आणि आत सोडा," आतून उत्तर आले.

कोष्टक मी त्याला दाखवले नाही. ही भिंतीला पाठ लावून उभी राहिली, कोपर दुमडले आणि गवंड्याने कोपराच्या जरा खाली खडूने रेघ ओढली. मुभा विचारायची सोय नव्हती. ओटा झाला. पहिल्या दिवशी ती त्याच्यापुढे उभी राहिली, सरळ, काठीसारखी, आणि बराच वेळ काहीच न करता नुसती उभी राहिली. मग तिने चहा ठेवला.

सकाळचा पहिला चहा आमच्याकडे मी करतो. दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी गेलो. ओटा माझ्या छातीशी आला. पातेल्यात पाणी किती झाले, ते मला दिसेना. टाचा उंचावल्या तेव्हा वाफ तेवढी दिसली.

"सरासरी नवऱ्याच्या उंचीचा करायला हवा होता का हो?" मागून तिने विचारले.

मी हॉलमध्ये जाऊन बोर्ड पाहिला. त्याच्यावर सुरीच्या रेघा इतक्या पडल्या होत्या की, त्यावर आता एकही सरळ रेघ ओढता आली नसती; तेल सागात मुरून गेले होते. गवंड्याची करवत अजून आमच्याकडे होती. मी मापे घेतली, बोर्ड कापला आणि त्याला चार आखूड पाय लावले. मुभा ठेवली, एक पाय किंचित उणा आहे, खाली कोशाचे पुठ्ठ्याचे वेष्टन घडी करून सरकवले आहे.

आयुष्यभर ज्या बोर्डापुढे मी उभा राहिलो, त्याच्यावर मी आता रोज सकाळी उभा राहतो. पितळी पट्टी पुढच्या बाजूला ठेवली आहे. तिथून पातेले नीट दिसते, आणि चहा उतू जाण्याच्या आधी, अगदी एक क्षण आधी, मी गॅस बंद करतो.